तेरचं वस्तुसंग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरला जाऊन आलेले, जायला निघालेले आणि ज्यांच्या शेतात काहीतरी निघालंय असे लोक मला जे विचारत राहतात, ते प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मी संग्रहालयाचा कर्मचारी नाही. याच जिल्ह्यातला आहे आणि पाहुण्यांना, शाळेच्या पोरांना घेऊन तिथं वरचेवर जातो. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते वाट सापडण्यापुरतं आहे. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द तहसील कचेरीचा आणि पुरातत्त्व खात्याचाच.

तेर आहे कुठं, आणि संग्रहालय कधी उघडं असतं?

धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटर. तिथून एसटी जाते. लातूरकडून येणाऱ्यांना ढोकीवरून वळता येतं. संग्रहालय कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. शासनाची संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. लांबून येणार असाल तर निघण्याआधी एक फोन जरूर करा, विशेषतः सणासुदीच्या दिवसांत.

एवढ्याशा गावात एवढं मोठं संग्रहालय कशाला? या वस्तू छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला का नाहीत?

कारण त्या इथल्याच मातीतून निघाल्या. आपल्याकडे वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात आणि शेताच्या जमिनीला काळी. तेरच्या भोवतीची टेकाडं ही जुनी पांढर आहे. माणसांनी शेकडो वर्षं घरं बांधली, ती पडली, त्याच मातीवर पुन्हा बांधली, चुलींची राख पडली, खापरं पडली आणि जमीन उंच होत गेली. जोराचा पाऊस झाला की टेकाडाच्या कडेला माती वाहून मणी उघडे पडायचे. घराच्या माळवदावर टाकायला, शेतात घालायला लोक पांढरी माती नेत, तेव्हाही टोपलीत कधी मातीची बाहुली यायची, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा.

या वस्तू मुंबईच्या कपाटात गेल्या असत्या तर 'तेर, जि. उस्मानाबाद' एवढी चिठ्ठी त्यांना लागली असती. इथं तुम्ही त्या बघता आणि दहा मिनिटांत त्या जिथून आल्या त्या टेकाडावर उभे राहता. माझ्या लेखी हेच या संग्रहालयाचं सगळ्यात मोठं धन आहे.

रामलिंगप्पा लामतुरे कोण होते? पुरातत्त्व खात्यात होते का?

नाही. ते तेरचेच रहिवासी. कुठल्याही पदवीविना, कुणी नेमलेलं नसताना त्यांनी गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या. इतरांना जे खेळणं किंवा कचरा वाटे ते त्यांनी जपून ठेवलं. पुढं हा संग्रह राज्य सरकारकडे आला आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच चांगल्या संग्रहांची सुरुवात अशीच एका माणसाच्या ध्यासातून झाली आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे दिनकर केळकरांनी उभं केलं आणि १९७५ साली सरकारच्या हवाली केलं. औंधचं भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं. पण ते राजे होते आणि केळकरांच्या पाठीशी पुण्यासारखं शहर होतं. लामतुऱ्यांनी हे खेड्यात राहून केलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आदर आहे.

तेर म्हणजेच जुनं 'तगर' हे कशावरून ठरलं?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. त्यात दख्खनमधल्या दोन बाजारपेठांची नावं आहेत: पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड जात, तर तगरहून साधं कापड, नाना प्रकारची मलमल आणि समुद्रकाठच्या मुलखातून इथं आलेला इतर माल. हे सगळं गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या ग्रंथातही तगरचं नाव आहे.

पण हे तगर कुठलं, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर, कुणी देवगिरी. १९०१ साली फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तेरचं नाव पुढं केलं. त्याच सुमारास पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अधिकारी हेन्री कझिन्स इथं येऊन देवळं आणि पांढरी पाहून गेला. पुढं १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी रीतसर उत्खनन केलं, त्यानंतरही इथं उत्खननं झाली आणि सातवाहन काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या, भरभराटीच्या गावाचा पुरावा थरांतून वर आला. आता हा प्रश्न मिटला आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य करायचे ठाण्याला नाहीतर कोल्हापूरला, पण बिरूद मिरवायचे तेरणाकाठच्या गावाचं. मुळं कुठली ते त्यांना सांगावंसं वाटत होतं.

वेळ तासाभराचाच आहे. काय चुकवू नये?

चार गोष्टी बघा. पांढऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट आणि मातीची 'रोमन नाणी' (त्याबद्दल पुढं वेगळा प्रश्न आहे).

मूर्ती केओलिन नावाच्या पांढऱ्या, गुळगुळीत मातीच्या आहेत. बहुतेक वीतभरसुद्धा नाहीत. दोन साचे, एक पुढचा आणि एक पाठीचा. दोन्हींत माती दाबून मग जोडायची. बाजूनं नीट पाहिलंत तर काही मूर्तींच्या कानामागून खांद्यापर्यंत उतरणारी जोडाची बारीक रेघ दिसते. कारागिरानं ती बोटानं पुसायचा प्रयत्न केलाय, सगळीकडं जमलेलं नाही. बायकांच्या केसांच्या रचना बघाव्यात: अंबाडे, वेण्या, कपाळावरची बिंदी, कानात जड कुंडलं. पाठीकडूनही केस कोरलेले आहेत, म्हणून रखवालदाराला विचारून बाजूनं वाकून बघा.

मणी घाईत बघू नका. अकीक, गोमेद, काच, शंख, हस्तिदंत, भाजलेली माती. काचेचे काही मणी मोहरीएवढे. एवढ्या बारीक मण्याला आरपार भोक पाडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं आणि हातांचं मला दरवेळी नवल वाटतं.

लाकडी चौकट ही तर दुर्मिळच. आपल्या हवेत लाकूड टिकत नाही. वाळवी, पाऊस, ऊन सगळं त्याच्या वाइटावर. विटांच्या उत्तरेश्वर मंदिराच्या दाराची ही कोरीव चौकट हजाराहून जास्त वर्षं तग धरून राहिली. दगडी देवळांच्या द्वारशाखांवर आपण जी नक्षी बघतो, ती आधी सुतारांच्या हातात होती हे ही चौकट बघितली की पटतं.

ती प्रसिद्ध हस्तिदंती बाई रोमहून आली का?

उलट आहे. तिच्यासारखीच एक रोमच्या मुलखात गेली.

इटलीत पाँपेई हे गाव इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, शेजारी दोन छोट्या दासी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुष्कळ दिवस तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणत, आता तिला यक्षी म्हणणं अभ्यासकांना जास्त योग्य वाटतं. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आणि आणखी एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. त्यामुळं पाँपेईची मूर्ती दख्खनमधल्याच कारागिरानं केली असावी, असं मत पुढं आलं. मात्र तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही. तेव्हा 'पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली' असं छातीठोकपणे सांगू नका. 'तिची बहीण तेरला आहे' एवढं बिनधास्त सांगा.

तिथली रोमन नाणी मातीची आहेत. म्हणजे ती बनावट समजायची का?

बनावट नव्हेत, तो दागिना आहे. रोमन नाण्यावरचा मुखवटा मातीत उठवून, वर भोक पाडून केलेली ही पदकं आहेत. गळ्यात दोऱ्यात ओवायची. सोन्याचं खरं नाणं ज्याला परवडेल तो ते घालील, बाकीच्यांनी मातीचं घालावं. आजही पुतळ्यांची माळ सोन्याची असते आणि जत्रेत मुलाम्याचीही मिळते.

अशा एका पदकाच्या भोकापाशी थोडा वेळ थांबा. काही पदकांचं भोक वरच्या अंगाला झिजून लांबट झालेलं दिसतं. म्हणजे दोरा तिथं घासत होता, कुणीतरी ते रोज घालत होतं. रोमशी व्यापार होता हे पुस्तकात वाचून कळतं, पण तो व्यापार गावातल्या बाईच्या गळ्यापर्यंत पोचला होता हे या झिजेनं कळतं.

तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात हे खरं का?

खरं आहे. इथल्या जुन्या मंदिरांच्या विटा आकारानं मोठ्या आणि वजनानं हलक्या. मातीत भाताचं तूस मिसळून वीट थापत. भट्टीत तूस जळून जातं आणि आत बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतली हवा विटेला तरंगत ठेवते. कझिन्सनंही याची नोंद केली होती. यात चमत्कार नाही, पण देवळाच्या शिखराचं वजन कमी ठेवायची ही पक्की अक्कल आहे. कृपा करून देवळाची वीट काढून बादलीत टाकून बघू नका. हे मला सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्य (प्रार्थनागृह) होतं का? गावात यावरून वाद ऐकला.

मंदिराचा गाभा मागं अर्धगोल आहे आणि वर विटांचं, हत्तीच्या पाठीसारखं वळलेलं छप्पर आहे. कार्ले किंवा भाजे इथल्या चैत्यगृहाचा आकार डोळ्यांपुढं आणा, तोच आकार विटांत बाहेरून दिसतो. असं उभं राहिलेलं दुसरं ठळक उदाहरण आंध्रात चेजर्ल्याला आहे. या आकारामुळं कझिन्ससकट काही अभ्यासकांनी ते आधी चैत्य असावं असं म्हटलं. इतरांचं म्हणणं असं की त्या काळी हा आकार हिंदू देवळांसाठीही वापरत, नुसत्या आकारावरून धर्म ठरत नाही. आज आत विष्णूच्या त्रिविक्रम अवताराची मूर्ती आहे, पूजा चालते, पुढचा मंडप नंतरचा.

तेरला सातवाहन काळातला विटांचा स्तूपही उत्खननात मिळाला आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतल्या जैन काव्यात तेरापूर आणि जवळच्या लेण्यांचा उल्लेख येतो. ती धाराशिवची लेणी मानतात. पुढं वारकरी आले. एकाच गावात हे सगळे नांदले. कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर यावरून भांडण्यापेक्षा ते देऊळ एवढं जुनं असून अजून उभं आहे, त्याच्या डागडुजीवर लक्ष ठेवलेलं बरं.

गोरोबाकाकांचं तेर हेच ना? त्यांचं काही संग्रहालयात आहे का?

हेच. संत गोरा कुंभार इथले, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले. समाधिमंदिर नदीकाठी आहे, चैत्र वद्यात यात्रा भरते. त्यांची म्हणून एखादी वस्तू संग्रहालयात शोधू नका. पण मी पाहुण्यांना आधी संग्रहालय दाखवतो आणि मग समाधीला नेतो, ते मुद्दाम. संतमंडळी बसली असताना गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपल्याला पाठ असते. मडकं पक्कं की कच्चं हे नादावरून ओळखण्याचं ते ज्ञान गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षं याच गावात होतं, आणि त्याची खापरं संग्रहालयात आहेत. हे बघून समाधीपुढं उभं राहिलं की ती कथा वेगळी ऐकू येते.

शाळेची सहल न्यायची आहे. मुलं कंटाळतील का?

पन्नास मुलं एकदम आत सोडली तर कंटाळतील आणि दंगाही करतील. पंधरा-पंधराचे गट करा. एक गट आत, एक त्रिविक्रमाच्या देवळात, एक नदीवर. आत फळ्यावरची माहिती उतरवायला लावू नका. त्याऐवजी प्रत्येकाला एक काम द्या: घरात आजही आहे अशी एक वस्तू शोधून तिचं चित्र काढायचं. पाटा-वरवंटा, दिवा, बांगडी, मणी, फासा, खेळण्यातलं जनावर, काहीही. सातवाहन काळातला पायांचा पाटा बघून सातवीतली एक मुलगी म्हणाली होती, 'आजीचा पाटा असा असता तर मागं तिवई लावावी लागली नसती.' तिला जे दिसलं ते मला इतक्या फेऱ्यांत दिसलं नव्हतं.

मोठ्या गटानं जाण्याआधी संग्रहालयाला पत्र द्यावं. फोटोंचे नियमही तेव्हाच विचारून घ्यावेत. फ्लॅश कुठंच मारू नये.

नांगरताना मणी निघाला, खापर निघालं, एखादं नाणं मिळालं. काय करू?

सगळ्यात जास्त फोन याचेच येतात.

पहिलं, जिथं मिळालं ती जागा लक्षात ठेवा. गट नंबर, बांधापासून किती पावलं, किती हात खोल, तारीख, सोबत आणखी काय होतं. हे एका चिठ्ठीवर लिहून वस्तूबरोबर ठेवा. मोबाइलवर जागेचा फोटो काढा. मण्यापेक्षा ही चिठ्ठी मोलाची असते. चिठ्ठी नसलेला मणी हा नुसता मणी. चिठ्ठी असलेला मणी सांगतो की या काळीखाली कधीकाळी पांढर होती.

दुसरं, धुऊ नका, घासू नका. नाणं मिळालं की लोकांचा हात आधी चिंचेकडं जातो. चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी यातल्या कशानंही नाण्यावरची अक्षरं कायमची जातात. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. शिसं मऊ, त्यावर नखाचाही ओरखडा उठतो. माती तशीच राहू द्या, कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवा. तुटकं खापर डिंकानं चिकटवू नका.

तिसरं, संग्रहालयात दाखवा किंवा तलाठ्याला कळवा. 'जमीन जाईल' या भीतीनं लोक गप्प बसतात. चार खापरं दाखवली म्हणून कुणाची जमीन जात नाही. मात्र आणखी मिळेल म्हणून स्वतः खणत बसू नका. संरक्षित टेकाडावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि इतरत्रही खणलं की थर मोडतात, मग तज्ज्ञालाही काही वाचता येत नाही. बरंच काही एकदम मिळालं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला. तो माझा की सरकारचा?

यासाठी १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू मिळाली की शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय मिळालं, अंदाजे किंमत, कुठं आणि कधी. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यायची. मग जाहीर नोटीस निघते, कुणाचा दावा आहे का ते पाहतात.

तो धनकोश बेवारस ठरला आणि जागेचा मालक वेगळा असला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा. सरकारला संग्रहासाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ते घेऊ शकतं. कळवलंच नाही तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय कैद किंवा दंड होऊ शकतो.

म्हणजे लपवणाऱ्यापेक्षा कळवणाऱ्याचाच फायदा. सोनाराकडे हंडा वितळला की पैसेही भीतभीत मिळतात आणि नाण्यांवरची राजांची नावं कायमची बुडतात.

घरातल्या जुन्या वस्तू संग्रहालयाला द्यायच्या आहेत. घेतात का? पैसे मिळतात का?

भेट म्हणून देणार असाल तर आधी वस्तूंचे फोटो आणि माहितीचा एक कागद घेऊन जा, सामान टेम्पोत भरून नेऊ नका. वस्तू कुणाची, किती पिढ्यांची, कुठल्या गावातली, कशाला वापरत. संग्रहालय प्रत्येक वस्तू घेईलच असं नाही. जागा आणि जपणूक दोन्ही मर्यादित असतात. घेतली तर लेखी पोच घ्या, नोंदवहीत वस्तूला क्रमांक मिळतो तो मागा. पैशाची अपेक्षा धरून जाऊ नये.

'आमच्याकडे जुनंपुराणं काही नाही, नुसती भांडी-कुंडी' असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-धाराशिवच्या किती गावांतली जुनी घरं एका पहाटेत मातीत मिळाली. माणसं गेली त्यापुढं कणगी, उतरंडी आणि जातं कोण मोजणार? पण गावं नव्या जागी वसली तेव्हा जुन्या घरातलं काय काय कसं असायचं हे सांगणारी वस्तू फारशी उरली नाही. तेव्हा एखादं साधं मापट, पायली किंवा कोरीव खुंटीसुद्धा माहितीसकट दिलीत तर ती मोलाचीच.

दिलेली वस्तू मांडलेलीच नाही. परत मागता येईल का?

कुठल्याही संग्रहालयात मांडलेल्यापेक्षा कोठारात जास्त असतं. कोठारातली वस्तूही नोंदलेली असते, अभ्यासकांना दाखवतात. एकदा दान दिलेली वस्तू परत मिळत नाही, म्हणून घरातल्या सगळ्या भावंडांची संमती घेऊनच द्या. धाकट्याला न विचारता थोरल्यानं वस्तू दिली आणि वर्षभर बोलणं बंद, असं घर मी पाहिलंय.

देवघरात पिढीजात पितळी मूर्ती आहेत. त्यांची नोंदणी करावी लागते का?

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी वस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. दगड, धातू, भाजकी माती, हस्तिदंत आणि लाकूड यांतलं मूर्तिकाम, तसंच चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे करायची असते. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे, मूर्ती देवघरातच राहते. उलट चोरी झाली तर फोटोसकट नोंद असलेली मूर्ती शोधणं पोलिसांना सोपं जातं. देवळाच्या विश्वस्तांनी तर हे आधी करावं.

मुलगा परदेशात असतो. पणजोबांची जुनी मूर्ती किंवा नाणी त्याला पाठवू का?

नको. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. विमानतळावर अडकली तर निस्तरणं कठीण. त्याला वस्तूचे चांगले फोटो आणि तिची कहाणी लिहून पाठवा.

ऑनलाइन 'तेरचे प्राचीन मणी' विकायला दिसतात. घेतले तर चालतील? निदान परदेशात तरी जाणार नाहीत.

हेतू चांगला आहे, तरी घेऊ नका. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यातले बरेच नवे मणी जुने म्हणून खपवलेले असतात. आणि खरे असतील तर तुमच्या पैशानं पुढच्या पावसाळ्यात टेकाडावर आणखी चार कुदळी पडतात. तो मणी कुठल्या थरात होता हे विकणारा सांगत नाही, सांगूही शकत नाही. शेतातल्या मण्याबद्दल वर चिठ्ठीचं जे लिहिलंय ते इथं आठवावं.

आमच्याकडे मोडीतले कागद आहेत. तेरला देऊ?

तेर हे मुख्यतः मातीतून निघालेल्या वस्तूंचं संग्रहालय. कागदांसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे किंवा इतिहास संशोधन मंडळाकडे जाणं बरं. तोवर कागदांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सुती कापडात सैल बांधा, जुन्या दप्तरांचे रुमाल बांधायचे तसे. वाचता येत नाही म्हणून बंबात घालू नका. मोडी वाचणारे आजही मिळतात.

आमच्याही गावात पांढर आहे. आम्ही गावाचं संग्रहालय काढू शकतो का?

जरूर, पण कपाटापासून सुरुवात करू नका, वहीपासून करा. एक जाड वही, एक फोन. कुणाकडे काय आहे त्याचा फोटो, मालकाचं म्हणणं, सापडल्याची जागा. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहू द्या. वर्षभरात वही भरली तर ग्रामपंचायतीचा ठराव करून शाळेची किंवा वाचनालयाची एक खोली मागा आणि पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला कळवा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं कुठल्या वस्तू ठेवता येतील हे आधीच स्पष्ट होईल. कुलूप, वाळवी आणि पावसाळी गळती या तीन गोष्टींचा बंदोबस्त झाल्याशिवाय एकही वस्तू घेऊ नका.

वही लिहायला गावातल्या म्हाताऱ्या बायकांना गाठा. पुरुष देवळाचा आणि पाटीलकीचा इतिहास सांगतात. कुठल्या रानात खापरं लागतात हे भांगलणीला वाकलेल्या बाईला ठाऊक असतं.

लहानपणी तेरच्या टेकाडावरून मूठभर मणी आणले होते. आता परत द्यावेसे वाटतात. कुणी रागावेल का?

नाही रागावणार. असे मणी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आहेत. कुणाच्या तान्ह्याच्या मनगटाला बांधलेले, कुणाच्या शिवणाच्या डब्यात. नेताना तेवढं एक करा: आठवेल ते लिहून काढा. साल कुठलं असेल, टेकाडाची नदीकडची बाजू की गावाकडची, पाऊस नुकताच झाला होता का, सोबत कोण होतं. दोरा जुना असेल तर तो तोडू नका, तसाच न्या. आणि जमलं तर ज्या मित्राबरोबर वेचले होते त्यालाही घेऊन जा, त्याला जागा तुमच्यापेक्षा नीट आठवत असेल.